चारशे मीटर आणि काकूंच्या दशम्या

शुक्रवार संध्याकाळ, सहा-सव्वासहा. मेल्स संपलेल्या नसतात, पण संपल्यासारखं वाटायला लागलेलं असतं. आणि मग कुणीतरी खुर्ची मागे सरकवून तो ऐतिहासिक प्रश्न टाकतं, 'यार, या वीकेंडला करायचं काय?' उत्तरं तीनच. मॉल, मूव्ही नाहीतर लोणावळा. आणि लोणावळ्याला जाऊन तरी करायचं काय? धुक्यात फोटो काढायचे, भाजलेलं कणीस खायचं, चिक्कीची चार पाकिटं घ्यायची आणि एक्स्प्रेस वेवरच्या ट्रॅफिकला शिव्या घालत परत यायचं. सोमवारी कुणी विचारलं 'काय केलंस?' तर सांगायचं, 'काही नाही रे, रिलॅक्स झालो!'

आमच्या गँगनं गेल्या हिवाळ्यात ठरवलं, की लोणावळ्यालाच जायचं, पण लोणावळ्यात थांबायचं नाही. पुढे जायचं, ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर. विमान पकडायला नव्हे, ड्रॅग रेस बघायला.

ड्रॅग रेस म्हणजे काय, हे ज्यांना माहितीय त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्या. बाकीच्यांसाठी : दोन गाड्या, एक सरळसोट पट्टी, अंतर पाव मैल. म्हणजे ४०२ मीटर. वळण नाही, पिट स्टॉप नाही, पन्नास लॅप्स नाहीत. हिरवा दिवा लागला की सुटायचं आणि जो आधी पोचेल तो जिंकला. चांगल्या सुपरबाइकला दहा सेकंदांच्या आसपास लागतात, आपल्या ऑफिसच्या पार्किंगमधल्या साध्या हॅचबॅकला अठरा-एकोणीस. तुमचा चहा कपात ओतून होईपर्यंत शर्यत संपलेली असते. क्रिकेटच्या टेस्ट मॅचचं हे बरोबर दुसरं टोक. ज्यांचा अटेन्शन स्पॅन रील्सनी खाऊन टाकलाय (म्हणजे आपण सगळेच), त्यांच्यासाठी याहून आयडियल खेळ नाही!

आणि हा खेळ नेहमी धावपट्ट्यांवरच वाढलाय. अमेरिकेत १९५० मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता ॲना इथे विमानतळाच्या पट्टीवर तिकीट लावून ड्रॅग शर्यती सुरू झाल्या. इंग्लंडचं प्रसिद्ध सांता पॉड, १९६६ मध्ये सुरू झालेलं, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानं जिथून उडायची त्या पॉडिंग्टनच्या तळावर आहे. आपल्याकडे चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर कित्येक वर्षं मोटार शर्यती व्हायच्या. १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक झाला आणि त्या तिकडे गेल्या. महाराष्ट्रात हा मान ॲम्बी व्हॅलीचा. 'द व्हॅली रन' या नावाची ड्रॅग रेस इथेच भरत आलीय आणि पुण्या-मुंबईच्या गाडीवेड्यांच्या तोंडी ते नाव असतं.

असो. इतिहास पुरे, गँगकडे येऊ.

'हो'वर जाऊ नका

व्हॉट्सॲप ग्रुप निघाला, नाव 'चला ४०२'. पहिल्या तासात अकरा जणांनी 'हो' म्हटलं. मी अशा बऱ्याच ट्रिपा प्लॅन केल्यात, त्यामुळे मला माहीत होतं की अकरा 'हो' म्हणजे प्रत्यक्षात सहा किंवा सात माणसं. तुम्हीही हा फॉर्म्युला लिहून ठेवा. 'बघतो' म्हणजे नाही. 'मॅनेजरला विचारतो' म्हणजेही नाही. 'नक्की रे, पण डेट कन्फर्म कर' म्हणजे आदल्या रात्री साडेअकराला येणारा 'सॉरी गाईज'.

यावर एकच औषध आहे, पैसे आधी. तिकिटं आधी काढायची आणि ज्याचे पैसे आले तोच येतोय असं धरायचं. आमच्या अकरापैकी सात जणांचे आले. दोन गाड्यांत आरामात मावतील इतके. सात हा तसा फार चांगला आकडा आहे. चारजण असले आणि एकाचं डोकं दुखायला लागलं तर दिवस मेला. पंधरा असले की अर्धा दिवस 'कुठे आहेस?' मध्येच जातो.

तारखेचं म्हणाल तर पावसाळ्यात असलं काही होत नाही, ओल्या पट्टीवर ड्रॅग रेस म्हणजे आत्महत्या. हे मेळे साधारण थंडीत आणि उन्हाळा तापायच्या आधी भरतात, पण तारीख हलते. म्हणून आयोजकांच्या सोशल मीडिया पेजवर नजर ठेवायची आणि जाहीर झाली की लगेच रजेचं बघायचं. थंडी इंजिनालाही आवडते बरं का. गार हवा जास्त दाट असते, त्यामुळे इंजिनात जास्त ऑक्सिजन जातो आणि गाडी जरा जास्त जोरात पळते. फक्त अगदी पहाटे पट्टीवर दव असलं तर टायरला पकड मिळत नाही. म्हणजे मजा ऊन पडायला लागल्यावर आणि ते तापायच्या आधी.

आता खरी गोष्ट. पैसे भरणाऱ्या सातांत एक होता टर्बो.

टर्बो हे त्याचं खरं नाव नाही, हे सांगायला नकोच. हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. कॉलेजात असताना त्याला कुठल्याही बाइकचा आवाज ऐकवला, की न बघता मॉडेल सांगायचा. आम्ही कँटीनमध्ये बसून यावर वडापावच्या पैजा लावायचो आणि हरायचो. दोन वर्षांपूर्वी रात्री एक वाजता हायवेच्या बायपासवर एका मित्राशी अशीच एक पैज लागली. या खेपेला बिर्याणीची. पुढचा सिग्नल कोण आधी गाठतो. टर्बो आधी पोचला असता, पण मधे एक ट्रक वळला. मांडीत रॉड, साडेतीन महिने घरी. बाइक विकली गेली. आईनं किल्ली काढून घेतली, असं तो सगळ्यांना सांगायचा. आणि आम्हीही 'काकू स्ट्रिक्ट आहेत बाबा' म्हणून विषय सोडून द्यायचो.

त्यामुळे त्याचे पैसे सगळ्यात आधी आले तेव्हा मला जरा चरकलंच. आणि बुधवारी काकूंचा फोन.

'अगं, तुम्ही सगळे रेसला चाललात म्हणे?'

'रेस बघायला काकू. आम्ही कुणी चालवणार नाही. आणि ते रस्त्यावरचं नसतं, बंद धावपट्टी असते. एका वेळी दोनच गाड्या. हेल्मेट आणि पूर्ण गिअर असल्याशिवाय उभंसुद्धा करत नाहीत.'

पलीकडे शांतता. मला वाटलं फोन कट झाला.

'बसायला सोय असते का तिथे?'

'असते ना.'

'मग मीपण येते. एक जागा ठेव. आणि खायचं विकत घेऊ नका, दशम्या करते.'

सातावर आठवी. काकू निवृत्त शिक्षिका, गणिताच्या. शाळेत त्यांच्या तासाला पिन पडली तरी ऐकू यायची, असं टर्बोच सांगतो. ग्रुपवर मी बातमी टाकली तेव्हा पंधरा मिनिटं कुणी काही बोललंच नाही. मग एकानं लिहिलं, 'बिअर कॅन्सल.' तशी ती कॅन्सल असायलाच हवी होती म्हणा. घाटातून परत यायचंय, आणि दिवसभर वेग बघून.

लोणावळ्याच्या पुढे

पुण्याहून साडेपाचला निघालो. लोणावळा साधारण पासष्ट किलोमीटर. तिथून ॲम्बी व्हॅलीचा रस्ता भुशी डॅम, आयएनएस शिवाजी, मग लायन्स पॉइंट करत वीस-पंचवीस किलोमीटर आत जातो. अंतर कमी वाटतं, पण रस्ता वळणांचा आहे आणि वीकेंडला लायन्स पॉइंटपर्यंत गाड्यांची रांग लागते. सातच्या आत लोणावळा सोडलंत तर सुखात, आठनंतर निघालात तर कणीस खात बसा. पेट्रोल लोणावळ्यातच भरून घ्या. आणि मोबाइलच्या रेंजवर फार विसंबू नका, 'आत गेल्यावर फोन करतो' हा प्लॅन नाहीच. आम्ही दोन्ही गाड्यांचं भेटायचं ठिकाण आणि वेळ कागदावर लिहून दिली होती. हसले सगळे. अकरा वाजता तोच कागद कामी आला.

ज्यांना फारच उत्साह आहे त्यांच्यासाठी एक ॲड-ऑन. ॲम्बी व्हॅलीच्या डोक्यावरच कोरीगड उभा आहे. पेठ शहापूरहून पायऱ्यांनी तासाभरात वर जाता येतं, वर तटबंदी शाबूत, तळी, कोराई देवीचं देऊळ आणि तोफा. एक दिवस गड आणि दुसऱ्या दिवशी रेस, असा भारी वीकेंड होतो. एकाच दिवशी दोन्ही करायला जाऊ नका. आम्ही विचार केला होता, काकूंनी गुडघ्याकडे बोट दाखवलं आणि विषय संपला. बरंच झालं.

बरोबर काय न्यायचं? टोपी, कारण धावपट्टीवर झाड नसतं. सनस्क्रीन, पाणी, भरपूर पाणी. आणि कानात घालायचे फोमचे बोळे. मेडिकलमध्ये स्वस्तात मिळतात आणि कुणीच आणत नाही. ट्युन केलेल्या गाडीचा आवाज कानानं ऐकायचा नसतो, तो आधी छातीत येतो. लहान मूल बरोबर असेल तर बोळ्यांऐवजी कान झाकणारे मोठे इअरमफ घ्या, यात कंजुषी नको. आमच्यातल्या दोघांनी 'आम्हाला नाही लागत' म्हणून स्टाइल मारली आणि दुपारी टिश्यू पेपरचे बोळे करून कानात कोंबले. काकूंनी घरून कापूस आणला होता.

दिव्यांचं झाड

पोचल्यावर सगळे धावतात ते स्टार्ट लाइनकडे. बरोबर आहे, कारण ड्रामा तिथेच असतो. आधी बर्नआउट : मागचं चाक जागच्या जागी फिरवून धूर काढायचा. बघणाऱ्याला वाटतं शायनिंग. प्रत्यक्षात टायर तापवून चिकट करायचा असतो, म्हणजे सुटताना घसरत नाही. मग गाडी हळूहळू, अक्षरशः इंच इंच पुढे घेतात. समोर खांबावर दिवे असतात, त्याला म्हणतात ख्रिसमस ट्री. अमेरिकेत १९६३ मध्ये हे झाड आलं, त्याआधी एक माणूस झेंडा हलवायचा. झाडावर वरचे दोन छोटे दिवे सांगतात, की पुढचं चाक रेषेवर आलंय. मग पिवळे, मग हिरवा. पिवळे एकामागोमाग अर्ध्या अर्ध्या सेकंदानं लागतात, किंवा तिन्ही एकदम लागून ०.४ सेकंदानं हिरवा. हिरव्याच्या आधी सुटलात की लाल. लाल म्हणजे फाउल, मग पुढे तुम्ही विमानासारखे उडालात तरी उपयोग नाही.

आमच्यातल्या एकीनं दोन-तीन रन्स बघून विचारलं, 'अरे, स्क्रीनवर त्याचा टाइम कमी आला आणि हरला कसा तो?' आम्ही सगळे गप्प. टर्बो तोंड उघडणार तेवढ्यात काकू म्हणाल्या, 'दोन घड्याळं असणार.'

आणि खरंच दोन असतात! हिरवा दिवा लागल्यापासून गाडी रेषेवरून हलेपर्यंत जो वेळ जातो तो रिॲक्शन टाइम. आणि पट्टीवरचा वेळ मोजायला सुरुवात होते ती गाडी हलल्यावर, दिवा लागल्यावर नाही. काकूंनी दशमीच्या डब्यावरच्या वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब मांडला. एक जण हलायला ०.२५ सेकंद घेतो आणि १२.४० मध्ये पट्टी पार करतो. एकूण १२.६५. दुसऱ्याची गाडी जास्त पॉवरफुल, १२.१० मध्येच जाते, पण हा हिरवा दिवा बघत ०.६० सेकंद बसून राहिला. एकूण १२.७०. हरला. 'गाडी हरली नाही, माणूस हरला,' काकू म्हणाल्या आणि कागद माझ्या हातात दिला. तो अजून माझ्याकडे आहे, तुपाच्या डागासकट.

(हे समोरासमोरच्या नॉकआउटचं झालं. काही मेळ्यांत प्रत्येक क्लासमध्ये फक्त पट्टीवरचा वेळ धरून नंबर काढतात. कुठला नियम लागू आहे ते सकाळीच विचारून घ्या, नाहीतर दिवसभर भलत्याच माणसासाठी टाळ्या वाजवाल.)

यावरून आम्ही आमचा खेळ काढला. प्रत्येक जोडी सुटायच्या आधी सगळ्यांनी वेळ सांगायची, जो सगळ्यात लांब असेल त्यानं शेवटी चहा पाजायचा. ग्रुपबरोबर जाणार असाल तर हा खेळ नक्की करा, कारण एक गोष्ट ब्रोशरमध्ये कुणी सांगत नाही. ड्रॅग रेसमध्ये वाट बघणं फार असतं. शर्यत बारा सेकंदांची, मधला वेळ कधी पाच मिनिटं, कधी पंचवीस. एखाद्या गाडीतून ऑइल सांडलं की पट्टी साफ होईपर्यंत सगळं ठप्प. त्या वेळात बोअर होणारा एक माणूस पुरे असतो ग्रुपची वाट लावायला. आमच्या खेळात कुणी बोअर झालं नाही. काकू सहा वेळा जिंकल्या.

दुपारी टू-स्ट्रोकवाले आले. भाई, तो सीन वेगळाच! आरएक्स १०० बंद होऊन जमाना झाला, १९९६ मध्ये थांबली ती. पण ड्रॅगच्या पट्टीवर ती अजून तरुण आहे. सगळा लोखंडी पसारा काढून टाकलेला, सांगाडाच उरलेला, आणि तो पत्र्याच्या डब्यात मधमाश्या कोंडल्यासारखा आवाज. शेजारी कोटीची सुपरकार उभी होती आणि गर्दी तिकडे पाठ करून आरएक्सकडे धावली. जळलेल्या ऑइलचा वास आला, तेव्हा मी टर्बोकडे बघितलं. एरवी हा बाजूला उभं राहून 'पोर्टिंग केलंय, एक्स्पान्शन चेंबर लावलाय' असं कॉमेंट्री करत बसला असता. तो कठड्यापासून चार पावलं मागे गेला होता. हात खिशात.

मी पाणी द्यायच्या बहाण्यानं गेले.

'काय रे, बरायस ना?'

'हं.' मग बऱ्याच वेळानं, 'तुला एक सांगू? आईनं किल्ली काढून घेतली नव्हती. मीच दिली. हॉस्पिटलमधून आलो त्याच दिवशी. तिला म्हटलं, कुणी विचारलं तर तू घेतलीस म्हणून सांग.'

दोन वर्षं आम्ही काकूंना स्ट्रिक्ट म्हणत होतो.

थांबायला जागा

तेवढ्यात काकूच आल्या, हातात तोच कागद. त्यांना एक शंका होती. 'हे बघ, ४०२ मीटर बारा सेकंदांत म्हणजे ताशी १२० किलोमीटर सरासरी. पण शून्यापासून सुरुवात करतो, म्हणजे शेवटी तर १८० च्या आसपास असणार. मग हा थांबतो कुठे?'

प्रश्न इतका बेसिक होता, की तो कुणाला पडलाच नव्हता. आम्ही सगळे सकाळपासून स्टार्ट लाइनला चिकटलो होतो. मग सगळी वरात शेवटाकडे गेली (प्रेक्षकांच्या बाजूनं, कठड्याच्या आतून. कठडा ओलांडून रील काढायला जाणारे असतात, आमच्यासमोर दोघांना बाहेर काढलं, आणि योग्य केलं). तिथे गर्दी नव्हती. तिथे गाड्या आवाज न करता येत होत्या, म्हणजे आवाज मागून येत होता, आणि मग त्या पुढे जातच राहायच्या. कितीतरी लांब. ताशी १८० वरून घाई न करता थांबायचं तर शर्यतीइतकीच, कधी जास्त, मोकळी पट्टी पुढे लागते. धावपट्टी लांब हवी ती पळण्यासाठी नाही, थांबण्यासाठी.

हे अमेरिकेतल्या व्यावसायिक ड्रॅगमध्ये फार महागात पडून शिकलेत. तिथल्या टॉप फ्युएल गाड्या नायट्रोमीथेनवर पळतात, ताकद अकरा हजार हॉर्सपॉवरच्या घरात, वेग ताशी ५०० किलोमीटरच्या वर. जून २००८ मध्ये न्यू जर्सीत इंग्लिशटाउनच्या ट्रॅकवर स्कॉट कलिटाच्या गाडीच्या इंजिनाचा स्फोट झाला, पॅराशूट नीट उघडले नाहीत आणि थांबायची जागा संपली. तो गेला. त्यानंतर त्या वर्गातल्या गाड्यांसाठी शर्यतीचं अंतरच कमी केलं, पाव मैलाऐवजी १००० फूट, म्हणजे ३०५ मीटर. पट्टी तेवढीच राहिली, थांबायला जागा वाढली.

टर्बोला हे माहीत होतं, त्यानंच सांगितलं. काकू ऐकत होत्या. पट्टीच्या कडेला ॲम्ब्युलन्स उभी होती, दार उघडं, आत दोघं चहा पीत बसलेले. काकूंनी तिच्याकडे बघितलं.

'त्या रात्री चाळीस मिनिटं लागली होती,' त्या म्हणाल्या. मग कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवायला लागल्या, तेव्हा मी तो मागून घेतला. 'आणि थांबायला जागा कुठे होती रे तिथे तुला?'

टर्बो काही बोलला नाही. त्यांनी उत्तर मागितलंही नव्हतं.

मला इथे एक सांगावंसं वाटतं, लेक्चर समजू नका. रस्त्यावर रेस लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या खेपेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, दुसऱ्या खेपेला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण बायपासवर एक वाजता पैज लावणाऱ्या कुणाच्या डोक्यात कलम नसतं, हे आपल्याला माहितीय. त्यापेक्षा अशा जागी एकदा नेऊन शेवटच्या टोकाला उभं करा.

आणि ज्याला चालवायचंच आहे त्याच्यासाठी रस्ता आहे. मोटार स्पोर्टची देशातली संघटना म्हणजे एफएमएससीआय, तिच्या मान्यतेच्या मेळ्यात भाग घ्यायला तिचं लायसन्स लागतं. गाड्यांचे इंजिनाच्या क्षमतेप्रमाणे वर्ग असतात, त्यामुळे तुमची छोटी बाइक हायाबुसाशेजारी उभी राहत नाही. शर्यतीआधी गाडीची तपासणी होते, त्यात ब्रेक, टायर, गळती सगळं बघतात. बाइकवाल्यांना हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्ह्ज, बूट असा सगळा जामानिमा. खर्च आहे, कटकट आहे. बिर्याणीच्या पैजेइतकं सोपं नाही. मुलींनो, तुम्हीही. शर्ली मल्डाउनीनं १९७७ मध्ये टॉप फ्युएलची चॅम्पियनशिप जिंकली होती, त्या मर्दानी गर्दीत, आणि नंतर आणखी दोनदा. आमच्या मेळ्यात मुली कमी होत्या आणि स्वच्छतागृहांची रांग बघता त्या जास्त आल्या असत्या तर काय झालं असतं कोण जाणे. पण ते आपल्याकडे सगळीकडेच आहे, गडावर काय आणि कॉन्सर्टला काय.

परतीचा ड्रायव्हर

दिवसाचा सगळ्यात रिस्की भाग कुठला, विचारा. परतीचा. सहा तास कानात इंजिनं घुमलेली, डोळ्यांसमोर सगळं दहा सेकंदांत होतंय, आणि मग तुम्ही स्वतःच्या गाडीत बसता. पाय आपोआप जड होतो. पार्किंगमधून बाहेर पडतानाच दिसत होतं, साध्यासुध्या फॅमिली गाड्या रेस मारत होत्या आणि पुढे लायन्स पॉइंटची वळणं, बाजूला दरी.

म्हणून आमचा एक नियम होता आणि तो मी आदल्या आठवड्यातच ठरवून घेतला होता. परतीला गाडी चालवणार तो, ज्याला गाड्यांत सगळ्यात कमी इंटरेस्ट आहे. आमच्यात असा एक आहे, अकाउंट्समध्ये. तो दुपारभर छत्रीखाली झोपला होता. दुसरी गाडी मी चालवली. पुढच्या सीटवर काकू. ताशी चाळीसच्या वर काटा गेला, की त्या काही बोलायच्या नाहीत, फक्त काट्याकडे बघायच्या. मागे टर्बो, खिडकीला डोकं टेकून. मागून हॉर्न मारत चार बाइक्स गेल्या. तिसरीचा आवाज ऐकून तो हळूच मॉडेलचं नाव बोलला. दोन वर्षांत पहिल्यांदाच. कुणी मागे वळून बघितलं नाही, मीही नाही, आरशातूनसुद्धा नाही.

लोणावळ्यात चहा झाला. बिल टर्बोच्याच नावावर निघालं, सकाळपासून त्याचे अंदाज सगळ्यात चुकले होते. 'मुद्दाम चुकवत होतास का रे?' काकूंनी विचारलं. तो हसला. चिक्की घेतलीच शेवटी, चार पाकिटं.

मंगळवारी 'चला ४०२'वर मी पोल टाकला. पुढच्या सीझनला बघायला यायचं, की आपल्यापैकी कुणी उतरायचं पण? काकू आता ग्रुपवर आहेत. त्यांचा मेसेज आला, 'नियमावलीची पीडीएफ पाठव. आधी वाचते. हेल्मेट कितीला पडतं?' आणि त्याखाली त्यांनी 'उतरायचं'वर टिक केलं.

आठांपैकी सात मतं आली आहेत. टर्बोनं मेसेज वाचलाय, दोन निळ्या टिका दिसतात. मत अजून दिलेलं नाही.